‘डिस्कस अबाउट’ म्हटलं म्हणून गप्पच बसायचं का?

पत्र, थोडक्यात: वय ३२. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून, आता नोकरीत रोज परदेशातल्या क्लायंटशी इंग्रजीत कॉल आणि दिवसाला पंधरा-वीस मेल. इंग्रजी समजतं, वाचता येतं, सिनेमे सबटायटलशिवाय कळतात. घोडं पेंड खातं ते क्रियापदाला चिकटून येणाऱ्या छोट्या शब्दांपाशी, म्हणजे टू, फॉर, ऑन, विथ, अबाउट. चार महिन्यांपूर्वी एका कॉलवर हा वाचक ‘लेट्स डिस्कस अबाउट धिस’ म्हणाला आणि टीममधल्या नव्या मुलाने सगळ्यांदेखत हसत ‘नो अबाउट!’ म्हणून दुरुस्त केलं. तेव्हापासून कॉलवर तोंड बंद, जे काही असेल ते चॅटवर, आणि एकेका मेलला अर्धा-अर्धा तास. नेटवरून सहाशे क्रियापदांची यादी उतरवून घेतलीय, रोज रात्री पाठांतर, तीन महिन्यांत ‘डी’पर्यंत मजल गेलीय. यादीतलं विचारलं तर बरोबर येतं, बोलताना पुन्हा चूक. प्रश्न तीन: याला काही नियम आहे का जो मला कुणी शिकवलाच नाही? यादी चालू ठेवू की क्लास लावू? आणि हे सगळं मराठी माध्यमामुळे झालं असेल तर चार वर्षांच्या मुलीशी आत्तापासून घरात फक्त इंग्रजीच बोलायला लागू का? पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘वेटिंग युवर रिप्लाय, ताई.’

*

मला अहोजाहो करू नका असं तूच लिहिलंयस, म्हणून तू म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तो हसणारा मुलगा आहे, टीममधलं कोण कसं बघत होतं ते आहे, तुझे कान कसे गरम झाले ते आहे, पण ज्याच्याशी बोलणं चाललं होतं तो क्लायंट कुठेच नाहीये. तो काय म्हणाला? मला वाटतं काहीच म्हणाला नसणार, त्याला जे डिस्कस करायचं होतं ते त्याने केलं असणार आणि पुढच्या मुद्द्यावर गेला असणार. तो त्या कॉलवरून कधीच उठून गेला, तू मात्र चार महिने तिथेच बसून आहेस.

चूक ती चूकच, मी तिला बरोबर म्हणत नाहीये. डिस्कसच्या पुढे अबाउट येत नाही, ‘लेट्स डिस्कस धिस’ एवढंच. पण ती कुठून येते ते बघ. टॉक अबाउट, स्पीक अबाउट, थिंक अबाउट, आर्ग्यू अबाउट, सगळ्यांच्या मागे अबाउट आहे, शिवाय ‘डिस्कशन अबाउट’ हे तर शंभर टक्के बरोबर आहे, मग डिस्कसनेच काय घोडं मारलंय? डोकं आपसूक तिथे अबाउट लावतं, आणि हे फक्त तुझं डोकं करत नाही, आफ्रिकेपासून सिंगापूरपर्यंत जिथे जिथे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून बोलली जाते तिथे तिथे लोक ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना मराठी येत नाही. हे लक्षात ठेव, मुलीच्या प्रश्नाला लागणार आहे.

आता नियम. नाहीये. म्हणजे ज्याने सहाशे क्रियापदं एका झटक्यात सुटतील असा एक नियम नाहीये, तू शाळेत कुठला तास बुडवलास म्हणून तो हुकला असंही नाही. तुला हे अन्यायाचं वाटत असेल तर मराठीकडे बघ जरा. एकच मुलगी घे. लग्न तिच्याशी, प्रेम तिच्यावर, घाबरायचं तिला, वाट बघायची तिची, आणि लपवायचं तिच्यापासून. का? प्रेम तिच्याशी का नाही आणि लग्न तिच्यावर का नाही? सांग बरं नियम. तू चिडतोस ‘तिच्यावर’ पण राग येतो ‘तिचा’, दोन्हीत भावना तीच, समोरची व्यक्तीही तीच, प्रत्यय मात्र बदलला, आणि आजवर तुझं एकदाही चुकलं नाही. स-ला-ते, स-ला-ना-ते हा विभक्तीचा तक्ता शाळेत सगळ्यांनी घोकला, पण तो घोकून कुणी मराठी बोलायला शिकलं नाही. तक्ता यायच्या आधीच ‘मला भूक लागली’ येत होतं.

आणि बाहेरच्या माणसाला हे किती अवघड जातं ते बघायचं असेल तर आपलं हिंदी ऐक. हिंदीत ‘उससे पूछो’, ‘मैं उससे मिला’. आपण काय म्हणतो? ‘उसको पूछो’, ‘मैं उसको मिला’. कारण आपल्याकडे त्याला विचारतात आणि त्याला भेटतात. गंमत म्हणजे ‘उसको बताओ’ मात्र बरोबर आहे, म्हणजे हिंदीचंही सगळं एका माळेत नाही. आपल्या ‘उसको पूछो’ला हिंदीवाला मनात हसत असेल पण त्याला कळतं, आणि आपण त्यामुळे हिंदी बोलायचं थांबलो का? छे. इंग्रजीच्या बाबतीतच आपल्याला एवढी लाज का वाटते हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

थोडं इतिहासाचं, एकच वाक्य, मग कामाचं बोलू: हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय लागायचे, ते पुढे झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम या छोट्या शब्दांवर येऊन पडलं, म्हणून ते आज इतकं ओझं वाहतात आणि एकेक शब्द दहा-दहा कामं करतो.

नियम नाही म्हटलं तरी सगळाच सावळागोंधळ आहे असं नाही. तुझ्या चुका तर अजिबात कशाही होत नाहीत. तू पत्रात तुझी सात वाक्यं दिलीयस ना, ‘डिस्कस अबाउट’, ‘एम्फसाइज ऑन’, ‘कॉन्टॅक्ट विथ द व्हेंडर’, ‘इट अफेक्ट्स ऑन अस’, ‘रिक्वेस्ट फॉर अ‍ॅन एक्स्टेन्शन’, ‘एक्सप्लेन मी’, ‘लिसन मी’, ती मी एका कागदावर लिहून शेजारी मराठी लिहिलं. चर्चा करणे. भर देणे. संपर्क करणे. परिणाम होणे. विनंती करणे. दिसलं काही? पहिल्या पाचही ठिकाणी मराठीत एक नाम आणि त्याला करणे, देणे, होणे असं काहीतरी जोडलेलं आहे. आपण त्यांच्याशी संपर्क करतो, त्यावर भर देतो, आपल्यावर परिणाम होतो, म्हणजे ते नाम आपल्याबरोबर एक शी किंवा वर घेऊन येतं. इंग्रजीने ते नाम आणि करणे दोन्ही एका शब्दात घोटलंय, कॉन्टॅक्ट म्हणजेच संपर्क करणे, आणि त्या शब्दाला समोरची वस्तू थेट लागते, मधे काही नको. ‘कॉन्टॅक्ट द व्हेंडर.’ ‘इट अफेक्ट्स अस.’ ‘एम्फसाइज धिस पॉइंट.’ तसंच लग्न करणे, ‘मॅरी हर’. टीका करणे, ‘क्रिटिसाइज हिम’. हल्ला करणे, ‘अटॅक’. उल्लेख करणे, ‘मेन्शन इट’, तिथेही लोक अबाउट लावतात. प्रवेश करणे, ‘एन्टर द रूम’.

विनंतीचं थोडं वेगळं. ‘रिक्वेस्ट अ‍ॅन एक्स्टेन्शन’ हे क्रियापद, थेट. पण ‘माय रिक्वेस्ट फॉर अ‍ॅन एक्स्टेन्शन’ हेही बरोबर, कारण तिथे रिक्वेस्ट हे नाम झालं. ही खरी मेख आहे. इंग्रजीत क्रियापदाचं नाम केलंस की तो छोटा शब्द परत येतो: डिस्कशन अबाउट, एम्फसिस ऑन, इन कॉन्टॅक्ट विथ, इफेक्ट ऑन, अटॅक ऑन, डिमांड फॉर. तू जे ऐकलंस ते बहुतेक नामाबरोबर ऐकलंस आणि लावलंस क्रियापदाला. म्हणजे तुझा कान खोटा नाही, फक्त जागा चुकली.

याचा कॉलवर सरळ फायदा आहे. ‘लेट्स डिस्कस अबाउट’ जिभेवर आलंच तर अडखळून वाक्य सोडून देऊ नकोस, क्रियापद बदल. ‘लेट्स टॉक अबाउट धिस.’ अबाउट तर अबाउट, त्याला हक्काचं घर दे.

पण हे सगळीकडे लागू करत सुटू नकोस बरंका. तक्रार करणे हेही नाम आणि करणेच आहे पण ‘कम्प्लेन अबाउट’ लागतं, अर्ज करणे ‘अप्लाय फॉर’. तेव्हा हा नियम नाही, संशय घ्यायची जागा आहे. मराठीत नाम आणि करणे दिसलं आणि इंग्रजीत एकच शब्द असेल तर तिथे एक क्षण थांबून बघायचं, एवढंच.

उरलेली दोन वाक्यं उलट्या बाजूची. ‘लिसन मी’. आपण गाणं ऐकतो, किल्ली शोधतो, फोटो बघतो, मदत मागतो, मधे काहीच नाही, आणि इंग्रजीत नेमकं तिथे लागतं: लिसन टू, लुक फॉर, लुक अ‍ॅट, आस्क फॉर. हे आकड्याने कमी आहेत, आणि रोज लागणारे आहेत, आठवड्यात बसतील. ‘एक्सप्लेन मी’ मात्र ‘टेल मी’च्या ओळीने आलंय. टेल मी, गिव्ह मी, सेंड मी, शो मी हे चालतं, कारण या छोट्या जुन्या इंग्रजी क्रियापदांना माणूस आणि वस्तू दोन्ही थेट घेता येतात. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स हे लॅटिनकडून आलेले लांब शब्द, त्यांना माणूस थेट चालत नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. यालाही अपवाद आहेत, ऑफर हा शब्द लॅटिनचाच असून ‘ऑफर मी’ चालतं, पण शंका आली तर लांब शब्दाला टू लावलेला बरा. ‘से’ला पण टू लागतो हा छोट्या शब्दांमधला खोडकर पोरगा, ‘ही सेड टू मी’ पण ‘ही टोल्ड मी’. आणि आस्क, टेल, हेल्प, कॉल यांना टू नको, आपल्या ‘ला’मुळे लागतो तो तिथे. त्याला विचारलं, ‘आस्क्ड हिम’.

ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन खणांच्या क्रियापदांचा, एक खण माणसाचा आणि एक गोष्टीचा, दोन्हीला वेगवेगळं कुलूप. ‘अपोलोजाइज टू द क्लायंट फॉर द डिले.’ माणसाला टू, कारणाला फॉर. ‘थँक यू फॉर’. ‘काँग्रॅच्युलेट हर ऑन’. ‘प्रोव्हाइड अस विथ द डिटेल्स’, किंवा उलट बाजूने ‘प्रोव्हाइड द डिटेल्स टू अस’. ‘ब्लेम’ तर मजेदार आहे, ‘ब्लेम मी फॉर द एरर’ आणि ‘ब्लेम द एरर ऑन मी’, अर्थ एकच, मान दोन्हीकडे माझीच. हे सुटे सुटे शिकू नकोस, दोन्ही खण भरून पूर्ण वाक्यच तोंडात बसव, तुझ्या कामातलं, तुझ्या क्लायंटचं नाव घालून.

आता कुठल्या चुकांना घाबरायचं आणि कुठल्या सोडून द्यायच्या. ‘डिस्कस अबाउट’ने कुणाचं काही बिघडत नाही, ऐकणाऱ्याला थोडं खटकतं, संपलं. पण काही ठिकाणी छोटा शब्द बदलला की अर्थच फिरतो. ‘थ्रो द बॉल टू मी’ म्हणजे माझ्याकडे टाक, मी झेलतो. ‘थ्रो द बॉल अ‍ॅट मी’ म्हणजे मला मार. ‘शाउट टू हिम’ लांब आहे म्हणून हाक मारणं, ‘शाउट अ‍ॅट हिम’ ओरडणं. ‘अ‍ॅग्री विथ’ म्हणजे तुमचं म्हणणं मला पटतं, ‘अ‍ॅग्री टू’ म्हणजे तुमच्या अटी मी मान्य करतो, आणि मेलवर हा फरक महागात पडू शकतो. ‘सर्च द रूम’ म्हणजे खोलीची झडती, ‘सर्च फॉर द रूम’ म्हणजे खोलीच सापडत नाहीये.

माझंच सांगते. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, एका रिपोर्टमध्ये गडबड निघाली आणि मी वरच्या साहेबांना बाणेदारपणे लिहिलं, ‘आय विल लुक आफ्टर द एरर.’ मला म्हणायचं होतं बघते काय झालंय ते, म्हणजे ‘लुक इन्टू’. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. साहेबांचं दोन शब्दांचं उत्तर आलं, ‘प्लीज डोन्ट.’ मी दिवसभर विचार करत होते हे मला काम का करू देत नाहीयेत. रात्री डिक्शनरी उघडली आणि एकटीच हसत सुटले, मी त्या चुकीला आंजारून गोंजारून मोठी करणार होते. तेव्हापासून लुक इन्टू आणि लुक आफ्टर आयुष्यात चुकले नाही, आणि त्यासाठी मला एकदाही पाठांतर करावं लागलं नाही.

हा लुकचा प्रकार आपल्याला नवा वाटायचं खरं तर काही कारण नाही. संस्कृत घेतलेल्यांना तो जुना श्लोक आठवेल, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’, उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने ओढून भलतीकडे नेतो. धातू एकच, हृ, आणि त्यातून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. आपण विहार करायला जातो, संहार करायला नाही, आणि दोन्हीत हार आहे म्हणून कुणी गोंधळत नाही. इंग्रजीने तेच केलं, फक्त तो तुकडा पुढे न जोडता मागे सुटा ठेवला. लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक डाउन ऑन हे तीन वेगळे शब्दच आहेत असं समज, लुकचे प्रकार म्हणून शिकायला गेलास की डोक्याचा भुगा होईल.

मग ती यादी. बंद कर. तीन महिन्यांत ‘डी’ म्हणजे तुला अजून ‘लुक’ आणि ‘वेट’ भेटलेच नाहीयेत, आणि दरम्यान तू ‘अ‍ॅब्स्टेन फ्रॉम’ आणि ‘अ‍ॅक्विट ऑफ’ पाठ केलंस जे तुला मेलमध्ये कधी लागणार कोण जाणे. यादीत शब्द अक्षरांच्या क्रमाने येतात, बोलताना प्रसंगाच्या क्रमाने येतात, म्हणून परीक्षा घेतली की येतं आणि कॉलवर येत नाही. क्रियापद एकटं पाठ आणि त्याचा शब्द एकटा पाठ, मग ऐन वेळेला दोघांची गाठ घालून देत बसायचं, तेवढा वेळ बोलताना मिळत नाही.

त्यापेक्षा हे कर. एका सुट्टीच्या दिवशी बसून स्वतःचे पाठवलेले शेवटचे तीस-चाळीस मेल उघड. प्रत्येक मेलमधली क्रियापदं आणि त्यांच्या मागचे छोटे शब्द फक्त बघ, बाकी काही नको. शंका आली की तपास आणि चुकलं असेल तर वहीत दुरुस्त केलेलं पूर्ण वाक्य लिही, चुकीचं वाक्य लिहूच नकोस, नाहीतर तेच डोळ्यात बसतं. मी सांगते सहाशे निघणार नाहीत. माणूस आपली तीच तीच पंधरा-वीस क्रियापदं फिरवत असतो आणि त्यातही आठ-दहाच चुकवत असतो. ती वाक्यं रोज मोठ्याने बोल. मोठ्याने हं, मनात नाही, कारण तुझी अडचण तोंडाची आहे, तुझे डोळे चांगले तयार आहेत.

तपासायचं कुठे? शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या डिक्शनऱ्या असतात, लर्नर्स डिक्शनरी म्हणतात, नेटवर फुकट आहेत, त्या वापर. साध्या डिक्शनरीत अर्थ मिळतो, यात क्रियापद कुणाला बरोबर घेऊन फिरतं तेही ठळक अक्षरात दिलेलं असतं आणि खाली चार वाक्यं असतात. अशी पहिली नावाजलेली डिक्शनरी ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केली, १९४२ साली, आणि ती छापली गेली टोकियोत. जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता केलेली. जपानी भाषेतही आपल्यासारखं हे तुकडे नामाच्या मागे लागतात, तेव्हा तुझ्याच जागी बसलेल्या लोकांसाठी ती झाली म्हण ना. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती काढली आणि जगभर गेली.

अर्थ बघायला नाही, चार वाक्यं बघायला जायचं. वीस सेकंदाचं काम आहे.

दुसरं साधन, गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर. त्यात दोन रचना स्वल्पविराम देऊन टाकायच्या, उदाहरणार्थ ‘कोप विथ’ आणि ‘कोप अप विथ’, आणि छापील पुस्तकांत कुठली किती येते त्याचा आलेख समोर येतो. पण डोळे उघडे ठेवून वाचायचा. ‘मॅरीड विथ’ टाकलंस तर तीही दिसेल, कारण ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ हे बरोबर आहे, त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ मात्र आपल्या ‘शी’मुळे होतं, तिथे ‘मॅरीड टू’. म्हणून आकड्यांवरून निकाल देण्याआधी दोन-चार वाक्यं वाचायची.

मेल दुरुस्त करून देणारी अ‍ॅप्स आणि एआय वापरायला माझी काही हरकत नाही, फक्त क्रम बदल. आधी स्वतः लिही, जिथे शंका आहे तिथे मनात एक उत्तर ठरव, मग त्याला दाखव. आधीच त्याच्याकडून लिहून घेतलंस तर मेल छान जाईल आणि पुढच्या कॉलला तू तिथेच असशील.

दोन छोट्या गोष्टी सांगून घेते, कारण या अगदी चांगलं इंग्रजी असणाऱ्यांच्याही मेलमध्ये दिसतात. एक, ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला टू हा ‘टू गो, टू डू’मधला टू नाही. ओळखायची युक्ती अशी की टूच्या पुढे नाम ठेवून बघायचं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’ बसतं ना? मग तिथे क्रियापदालाही आयएनजी लागणार, ‘टू मीटिंग यू’. ‘ऑब्जेक्ट टू’चं तसंच. ‘वॉन्ट टू द मीटिंग’ बसत नाही, म्हणून ‘वॉन्ट टू मीट’.

दोन, प्रश्न विचारताना छोटा शब्द शेवटी लटकतो आणि आपण तो विसरतो. ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ ‘हू डिड यू टॉक टू?’ मराठीत ‘कशाची’, ‘कुणाशी’ असा प्रत्यय आधीच प्रश्नाच्या शब्दाला चिकटून जातो, शेवटी काही उरतच नाही, म्हणून आपल्याला सवय नाही. काहींना तर शाळेत सांगितलेलं असतं की वाक्य असं संपवू नये. त्या भानगडीमागे १७व्या शतकातले कवी ड्रायडन आहेत, त्यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात ही चूक म्हणून दाखवली आणि ते लोकांनी उचललं. बोलताना इंग्रज स्वतः ते सहसा पाळत नाहीत. बिनधास्त शेवटी ठेव.

आणि त्या नव्या मुलाचं म्हणशील तर त्याचं बरोबर होतं, रीत चुकीची होती. पुढच्या वेळी कुणी दुरुस्त केलं तर ‘राइट, थँक्स’ म्हणायचं आणि त्याच श्वासात वाक्य पूर्ण करायचं. एरवी त्यालाही सांग की यातल्या बऱ्याच गोष्टी इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येच ठरलेल्या नाहीत, अमेरिकन माणूस ‘राइट मी’ म्हणतो, ब्रिटिश ‘राइट टू मी’, एक जण ‘डिफरंट दॅन’ म्हणतो, दुसरा ‘डिफरंट टू’, आणि दोघंही एकमेकांचं कॉलवर हसत दुरुस्त करत नाहीत.

क्लास? व्याकरणाचा लावू नकोस, व्याकरण तुला पुरेसं येतं. आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी अर्धा तास इंग्रजीत बोलायला मिळणार असेल, मग तो क्लास असो की मित्र, तर जरूर. चार महिन्यांत तू यादी वाढवलीस आणि बोलणं बंद केलंस, हे माझ्या मते उलटं झालंय. आणि त्या चॅटवर लिहायच्या सवयीचं बघ, पुढच्या कॉलला एक मुद्दा तरी तोंडाने मांड, आधी कागदावर लिहून वाचून दाखवलास तरी चालेल.

राहिली मुलगी. तू विचारतोयस की माझ्या वाट्याला आलं ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून मराठी थांबवू का. मला तुझी कळकळ कळते, पण वरचा तुझा कागद परत बघ. तुला मराठी येतं हे तुझ्या चुकांचं कारण निम्मंच आहे, आणि तेवढ्यानेच तुला त्या चुका आधी ओळखताही येतात. उरलेलं कारण हे की इंग्रजी तुला यादीतून मिळालं, बोलण्यातून नाही. आता तू घरात तिच्याशी फक्त इंग्रजी बोलायला लागलास तर तिला कुठलं इंग्रजी मिळेल? जे तू बोलताना घाबरून अर्धवट सोडतोस तेच ना. आणि जे तुझ्याकडे बिनचूक आहे, रुसली की समजूत घालायचं, चिडवायचं, गोष्ट रंगवून सांगायचं, ते तिला मिळणारच नाही. ‘बाबा, मला त्याचा राग आलाय पण मी त्याच्यावर रागावले नाहीये’, असं एखादी चार वर्षांची बोलते तेव्हा तिने केवढी मोठी मजल मारलेली असते. इंग्रजी तिला पुस्तकांतून, कार्टूनमधून, शाळेतून, मित्रमैत्रिणींकडून भरपूर मिळेल, ते तिच्या कानावर पडू दे, तिच्याबरोबर बसून तूही ऐक. लहान मुलांच्या गोष्टींमध्ये हे छोटे शब्द खच्चून भरलेले असतात, कुणीतरी सतत कशावर तरी चढत असतं, कशाखाली तरी लपत असतं, कुणाच्या तरी मागे धावत असतं. तिला मोठ्याने वाचून दाखवलंस तर तुझा सराव फुकटात होईल आणि तिथे ‘नो अबाउट’ म्हणायला कुणी नसेल. असलंच तर तीच असेल, तिचं ऐक.

हां, आणि पत्राच्या शेवटी ‘वेटिंग युवर रिप्लाय’ लिहिलंयस. वाट बघणे, नाम आणि क्रियापद, तरी इथे लागतं: ‘वेटिंग फॉर युवर रिप्लाय’. नाहीतर ‘अवेटिंग युवर रिप्लाय’, त्याला काही नको. वहीत पहिलं वाक्य हेच लिही.